टॉर्चसाठी रिचार्जेबल सेल घेताना या चुका टाळा

आपल्या बोलण्यात एक गंमत आहे. टॉर्चला आपण बॅटरी म्हणतो आणि खऱ्या बॅटरीला सेल. 'बॅटरीत सेल टाक' म्हटलं तर कुणालाच काही खटकत नाही. साध्या जस्ताच्या सेलचे दिवस होते तोवर एवढ्यावर भागत होतं. माप जुळलं, टोकं बरोबर बसली की उजेड पडायचा. चुकून सेल पाझरलाच तर स्प्रिंगवर पांढरी खपली धरायची आणि ती खरवडून आपण नवे सेल भरायचो. हल्लीच्या टॉर्चमधला रिचार्जेबल लिथियम-आयन सेल इतकं ऐकून घेत नाही. बोटभर आकारात तो कितीतरी जास्त ऊर्जा धरून बसलेला असतो, शिवाय आतलं द्रावण ज्वलनशील असतं. तरी आपण त्याला जुन्याच सवयीने हाताळतो, आणि खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

आकड्याला भुलू नका

माझी पहिली चूक हीच. ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेले दोन १८६५० सेल मी स्वस्तात घेतले आणि बराच काळ खुशीत होतो. टॉर्च मात्र अर्ध्या तासात मान टाकायचा. मला वाटलं, टॉर्चच बिघडला. शेवटी एक सेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. त्याच मापाचा चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मग क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला, तर पूर्ण भरून रिकामा होईतो निघाले ६४० एमएएच.

१८६५० हे नाव म्हणजे नुसतं माप आहे. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचा शून्य गोल नळकांड्यासाठी. एवढ्या जागेत चांगल्यात चांगल्या कंपनीलाही ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपासच बसवता येतं. १८६५० सेलवर ५००० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की तो हातातून खाली ठेवा. २१७०० मापाच्या सेलवर ५००० छापलेलं खरं असू शकतं, कारण तो जाडही आहे आणि लांबही.

आकडा खोटा असला की बाकीच्या कशाचाच भरवसा उरत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले, थकलेले सेल नवं आवरण चढवून विकले जातात. आवरण चकचकीत असतं, आत काय आहे ते मात्र वापरल्यावरच कळतं. म्हणून सेल टॉर्चच्या कंपनीचा घ्या, नाहीतर आतला मूळ सेल कुणाचा आहे हे उघड सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या.

खऱ्या सेलचाही मोठा आकडा नेहमी कामाचा नसतो. क्षमता आणि एका वेळी देता येणारा करंट यांत ओढाताण असते. ३५०० एमएएचचा सेल साधारण १० अँपिअरपर्यंत देतो. २० अँपिअर किंवा त्याहून जास्त देणारे सेल बहुधा २५०० ते ३००० एमएएचचे असतात. काही हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात प्रखर उजेडावर, १० अँपिअरच्या पुढे सहज जातो. तेव्हा आधी टॉर्चच्या माहितीपत्रकात करंटची मागणी पाहा, एमएएच त्यानंतर.

माप सारखं, सेल वेगळा

१४५०० सेल अगदी पेन्सिल सेलएवढा असतो, आणि फसगत होते ती त्यामुळेच. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल निकेलचा १.२ चा, पण पूर्ण भरलेला १४५०० सेल ४.२ व्होल्टचा. फक्त दीड व्होल्टसाठी बनलेल्या टॉर्चमध्ये तो टाकला तर क्षणभर डोळे दिपतील असा प्रकाश पडतो आणि मग बहुधा सर्किट जळतं. दोन्ही चालणारे टॉर्च असतात, पण त्यांवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

याची उलटी चूक जास्त धोक्याची. सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल रिचार्जेबल नाही, आणि १६३४० हा त्याच मापाचा रिचार्जेबल भाऊ. घाईत पहिला सेल चार्जरवर चढला तर तो फुटू शकतो. दोन्ही प्रकार घरात असतील तर एकाच डब्यात ठेवूच नका.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा तिसरा भाऊ स्वभावाने शांत, पण तो ३.६५ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. ४.२ व्होल्टच्या चार्जरवर तो जादा चार्ज होतो. आवरणावर 'आयएफआर' किंवा ३.२ व्होल्ट दिसलं की त्याची सोय असलेलाच चार्जर वापरा.

'नवा सेल टाकला, टॉर्च लागतच नाही'

इथे बहुतेक वेळा सेल खराब नसतो. काही सेलचं धन टोक उंचवट्याचं असतं, काहींचं सपाट. अनेक टॉर्चमध्ये सेल उलटा बसू नये म्हणून टोकाभोवती प्लास्टिकची कडी असते. सपाट टोक तिच्या पलीकडे पोचतच नाही. यावर उपाय म्हणून टोकावर फॉइलचा बोळा किंवा चुंबक ठेवू नका. ते सरकलं की सेल शॉर्ट होतो.

झाकण पूर्ण फिरतच नसेल तर तुमचा सेल बहुधा 'संरक्षित' प्रकारचा आहे. त्याच्या बुडाशी सेलला जपणारं एक चिमुकलं सर्किट बसवलेलं असतं आणि त्यामुळे लांबी ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जाते. दाबून बसवलात तर त्याच सर्किटचा चुरा होतो.

टर्बो लावला की दोन सेकंदांत अंधार, सेल काढून परत घातला की पुन्हा ठीक? मग टॉर्च मागतो तेवढा करंट ते सर्किट देऊ देत नाही. त्या टॉर्चला जास्त करंटचा सेल हवा. आणि प्रकाश दोन-तीन मिनिटांनी हळूहळू उतरत असेल तर बहुधा टॉर्च तापला म्हणून स्वतःच सावरतोय. त्यासाठी नवा सेल घेऊन पैसे घालवू नका.

संरक्षित की असंरक्षित, यावर लोक तावातावाने भांडतात. सेल फार रिकामा होण्याआधी बंद होण्याची सोय (लो-व्होल्टेज कट-ऑफ) टॉर्चला स्वतःची नसेल, किंवा तो घरातल्या सगळ्यांच्या हाती जाणार असेल, तर मी संरक्षितच घेईन.

खिशातला सुटा सेल

सेल हातात घेऊन धन टोकाकडे नीट पाहा. मधोमध धातूचं बटण, त्याभोवती पांढरी किंवा रंगीत चकती, आणि चकतीच्या कडेवरून वळून आत आलेलं प्लास्टिकचं आवरण. त्या वळणाखालची धातूची कड ऋण आहे. किंबहुना सेलची सगळी नळीच ऋण असते. म्हणजे धन आणि ऋण यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचं अंतर आणि कागदासारखं पातळ प्लास्टिक. खांद्यावर आवरणाला नखाएवढी चीर पडली की एक नाणं किंवा किल्ली तिथे पूल बांधू शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ किंवा वापरू नका असा इशारा दिला, त्यामागे हेच शॉर्ट होण्याचं कारण होतं.

जादा सेल न्यायचाच असेल तर प्लास्टिकच्या डबीत न्या. फाटलेलं आवरण बदलता येतं, पण आतल्या नळीला पोचा असेल तर तो सेल बाद. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

जोडीतला एक जुना, एक नवा

ही सवय मोडायला सगळ्यात कठीण. टीव्हीच्या रिमोटमध्ये आपण बिनधास्त एक सेल बदलतो. एकामागे एक दोन लिथियम सेल लागणाऱ्या टॉर्चमध्ये तसं केलं की दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि तरीही सशक्त सेल त्याच्यातून करंट ढकलत राहतो. दुबळा उलटा चार्ज होऊ लागतो, तापतो आणि वायू सोडू लागतो. त्यात पाणी शिरू नये म्हणून टॉर्चच्या झाकणाला रबरी रिंगा असतात. तो वायूही मग बाहेर पडत नाही आणि ॲल्युमिनियमची बंद नळी दाबाने फुटू शकते. जोडी एकाच वेळी घ्या, सेलवर खूण करा, एकत्रच वापरा आणि एकत्रच चार्ज करा. मला विचाराल तर एका सेलचा टॉर्चच घ्या. २१७०० आल्यापासून दोन सेलच्या टॉर्चची गरज फारच थोड्यांना उरली आहे.

चार्ज करताना आणि ठेवताना

१८६५० ला १ अँपिअरचा वेग पुरेसा आहे. १६३४० सारख्या छोट्या सेलला तो फार होतो, त्याला ०.३ ते ०.५ ठीक. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, आधी सेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सेल २.५ व्होल्टच्या खाली जाऊन तसाच आठवडेच्या आठवडे पडला असेल तर त्याला 'जिवंत' करायच्या भानगडीत पडू नका. आत तांबं विरघळून पुढे चार्ज करताना नको तिथे साचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. ही वेळ बऱ्याचदा टॉर्च न लावताही येते, कारण इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थेंबथेंब वीज पीत असतं. बऱ्याच टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की हा प्रवाह तुटतो. महिनोन्महिने ठेवायचा सेल अर्धा भरलेला, ३.७ ते ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

हे सगळं सांभाळणं नको असेल तर सरळ १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. पूर्वी हे सेल पडल्या पडल्या रिते व्हायचे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणल्यापासून ती तक्रार मिटली. या जातीचे सेल वर्षानंतरही बराचसा चार्ज धरून असतात. उजेड थोडा कमी पडेल, पण वीज गेल्यावर चाचपडत काढायच्या टॉर्चला मी हेच सेल घालतो.

चार्ज होताना सेल हातात धरवेना इतका तापला, फुगला किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर शक्य असेल तर चार्जरचा प्लग काढा आणि लांब व्हा. निघालेला धूर विषारी असतो, तो हुंगायला जवळ जाऊ नका.

माझे ते ९९०० वाले दोघं अजून घरात आहेत. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत, ई-कचरा गोळा करणाऱ्याची वाट पाहत.