गावातला हृदयविकार: मोजताना आणि औषध घेताना या चुका टाळा

शेतात राबणाऱ्याला हार्टअटॅक येत नाही, हा समज शहापूर-मुरबाडच्या गावांत अजून घट्ट आहे. लावणी-कापणी उरकली की अंगमेहनत कमी होते, तंबाखू मात्र बारा महिने चालू राहते. त्यात रक्तदाब आणि साखर वाढली तरी दुखत काहीच नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही. नेमकी मोजतानाच सर्वाधिक गडबड होते.

उन्हातून चालत आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको आणि लघवी करून आलेलं बरं. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही दंडात घट्ट गुंडाळून वर सरकवली तरी आकडा चुकतो. हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा; खाली लोंबकळता राहिला तर बीपी जास्त दिसतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी तेच होतं. मोजताना बोलू नका, बोलू देऊ नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-साखर तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा.

दुसरी मोठी चूक गोळ्यांची. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करतात. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. बंद केली की पुन्हा चढतं, आणि काही गोळ्या एकदम सोडल्या तर झपाट्याने चढतं. लग्नाला, यात्रेला जाताना पाकीट सोबत घ्या. पाच-सहा गोळ्या उरल्या की पुढच्या घेऊन या.

मशेरीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की बायका मनापासून नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू. पण तीही तव्यावर भाजलेली तंबाखूच. हिरड्यांवाटे निकोटीन रक्तात उतरतं, नाडी आणि बीपी वाढतं. म्हणून ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असंच विचारा. चुलीच्या धुराचाही हृदयाला त्रास होतो. निदान स्वयंपाक उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या जागी करा.

मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तेही लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी धरून. सैंधव घेतलं म्हणून सूट मिळत नाही, त्यातही सोडियमच असतं.

छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, तर गॅस समजून सोडा पाजत बसू नका. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी नुसता दम लागतो, मळमळतं. 108 ला फोन करा, पेशंटला चालवू नका, मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर घरी परतू नका. ईसीजी थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो, सोबत ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी, रक्ततपासणीही.