चाकं वर टिकत नाहीत? पंप सोडवण्याआधी हे वाचा

मित्राने स्वतः बांधलेलं दोन आसनी विमान, गोरेगावचा गाळा, आणि चाकं वर घेतली की तेलाच्या दाबाने ती उचलणारा पंप दर आठ-दहा सेकंदांनी आपोआप खुर्र करून सुरू. मी थेट पंप सोडवला, सुट्या भागांसाठी नागदेवीच्या बाजारात दोन चकरा मारल्या, शर्ट तेलाने लाल केला. रविवारी संध्याकाळी सीटखाली पडलेला रुमाल उचलताना दिसलं, डम्प व्हॉल्व्ह पाव फेरा उघडाच होता.

तर पाना हातात घेण्याआधी डम्प व्हॉल्व्ह. बघू नका, हाताने फिरवून खात्री करा. आणीबाणीत चाकं खाली सोडण्यासाठी तो दोन्ही बाजूंचं तेल जोडून दाब घालवतो. सताड उघडा असेल तर चाकं उचलतच नाहीत, ते लगेच कळतं. किंचित उघडा असेल तर चाकं वर जातात, दाब झिरपतो, प्रेशर स्विच पंपाला पुन्हा उठवतो. बाहेर थेंबभर गळती नाही. सिलिंडरचं सील गेल्यावरही अगदी असंच होतं, म्हणून माणूस फसतो.

जॅक पक्के, शेपटीला वजन. बॅटरी सोडवल्याशिवाय चाकाच्या खोबणीत हात घालायचा नाही.

चार्जर न्या. पंप चालू असताना व्होल्टेज पंपाच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर बारा दिसतात आणि मधल्या गंजलेल्या जोडात निम्मा जीव जातो. पावसाळ्यानंतर आपल्या हवेत अर्थिंगचे जोड हिरवे पडतातच.

तेल लाल, विमानाचं ५६०६ नंबरचं हायड्रॉलिक तेल. ब्रेकचं डॉट ३, डॉट ४ अजिबात नको, नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, म्हणजे सीलच्या गोल रिंग, त्यात फुगून मऊ पडतात. उलट ईपीडीएम या दुसऱ्या रबराच्या रिंग लाल तेलात फुगतात. काउंटरवर दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या, आणि दुकानदाराचं ठरलेलं ‘चालेल साहेब’. पाकिटावरचं नाव वाचा. जुनी रिंग नमुन्याला नेऊ नका. ती आधीच फुगलेली किंवा चेपलेली असते. माप ड्रॉइंगमधून काढा. माझी एक चकर यातच गेली.

गळती पुठ्ठा फिरवून शोधा, बोटाने कधीच नाही. बारीक छिद्रातून दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं. वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत ऑपरेशनचं काम होऊन बसतं.

आता डम्प व्हॉल्व्ह पुन्हा. हो, पुन्हा! आणीबाणीची चाचणी घेताना तो उघडलेला असतो, आणि मग ‘तू बंद केलास ना?’ ‘मला वाटलं तू केलास.’

बाकी सोबत न्यायचं: उघड्या नळ्यांना बुचं, ट्रे, चिंध्या, टॉर्च. नळी उघडली असेल तर हवा निघेपर्यंत चाकं वर-खाली करा, मग तेलाची पातळी. शेवटी चाकं लॉक झाल्याचे तिन्ही दिवे बघा. गाळ्याची किल्ली कोणाकडे आहे ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.