वावरात फ्लॅग फुटबॉल: मुलींचा संघ बसवताना

अमेरिकन फुटबॉलची सुरुवात धक्काबुक्की नसलेल्या फ्लॅग प्रकारानेच करा. यात चेंडूवालीला पाडायचं नाही, तिच्या कमरेची पट्टी (फ्लॅग) ओढून थांबवायचं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी तोच आहे. सोयाबीन निघालेलं वावर चालतं, पण धसकटं वेचा आणि भेगा बुजवा, नाहीतर पाय मुरगळतोच. फक्कीने 64 बाय 23 मीटर आखा, त्यात दोन्ही टोकांना 9-9 मीटरचे एंड झोन, म्हणजे चेंडू नेऊन गुण मिळवायचे पट्टे. प्रत्येक बाजूला पाच जणी.

शर्ट खोचलेला, कमरेला दोन्हीकडे पट्ट्या. गाठ मारली तर दंड.

कबड्डीतल्या मुली चपळ खऱ्या, पण सवयीने अंग धरतात. तेही दंडाचंच. नजर कमरेवर, हात फक्त पट्टीला. चेंडू फेकताना बोटं शिलाईवर हवीत. तळहात पूर्ण टेकला की चेंडू हवेत डगमगतो.