बोर्टेझोमिब चालू आहे? मग ग्रीन टी आधी बंद करा

घरात कोणाला मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) निघाला की पहिल्याच आठवड्यात ग्रीन टीची पाकिटं, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, कसले कसले काढे येऊन पडतात, सगळ्यांना मनापासून मदतच करायची असते. पण पेशंटला बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचं इंजेक्शन चालू असेल तर हे सगळं आधी बाजूला ठेवा. का ते सांगतो.

मायलोमाची पेशी म्हणजे बिघडलेली प्लाझ्मा सेल. ती इतक्या अँटिबॉडी (एरवी जंतूंशी लढणारी प्रोटीन) बनवते की आत घडी चुकलेल्या प्रोटीनचा ढीग कायम साचतच असतो, आणि हा कचरा उचलणारी घंटागाडी म्हणजे प्रोटिअझोम. बोर्टेझोमिब (अमेरिकेत मंजुरी 2003 ची) ती गाडीच अडवतं. मग पेशी जीव वाचवायला नवीन प्रोटीन बनवणं कमी करते, घड्या नीट घालणारी प्रोटीन वाढवते, याला अनफोल्डेड प्रोटीन रिस्पॉन्स म्हणतात, आणि एवढं करूनही ताण उतरला नाही तर हाच रिस्पॉन्स तिला मरायला लावतो. औषधाची सगळी भिस्त यावरच आहे.

ग्रीन टीमधलं ईजीसीजी नावाचं द्रव्य औषधातल्या बोरॉनलाच जाऊन चिकटतं, औषध निकामी होतं, हे लॅबमध्ये आणि उंदरांमध्ये दिसलंय. व्हिटॅमिन सीचंही तसंच. वरणावर पिळलेल्या लिंबाची काळजी करू नका, बंद करायच्यात त्या जास्त डोसच्या गोळ्या. बाकी जे काही घेताय त्याची यादी करून ऑन्कॉलॉजिस्टला दाखवा, आयुर्वेदिक आहे म्हणून लपवू नका प्लीज.

आता रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं. काही मायलोमा पेशी अँटिबॉडी फारशा बनवतच नाहीत, मग कचरा कमी, ताण कमी, आणि औषधाचा मारही कमी बसतो. अशाच पेशी मागे उरतात आणि पुढे वाढतात. म्हणून नुसतं एम प्रोटीन (मायलोमा पेशींनी रक्तात सोडलेली अँटिबॉडी) खाली आलं म्हणून फाइल बंद करू नका, फ्री लाइट चेनचा (अँटिबॉडीच्या सुट्या तुकड्यांचा) रिपोर्टपण दरवेळी शेजारी ठेवून बघा, कधीकधी एम प्रोटीन शांत असतं आणि लाइट चेन वर जात असतात. आजार परत आलाच तर डॉक्टरांना सरळ विचारा, पुढचं औषध वेगळ्या वाटेने काम करणारं आहे का? उदाहरणार्थ डाराट्युमुमॅब हे औषध पेशीवरच्या सीडी38 या प्रोटीनला धरतं.

आणि हातापायाला मुंग्या आल्या, तळपायाची आग झाली तर पुढच्या इंजेक्शनच्या आधीच सांगा, डोस कमी करता येतो. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर दिलं असेल तर तेही मध्येच सोडू नका.