क्वचित लागणाऱ्या प्रोसिजर्स आणि आपण सिनियर मंडळी: सरावाला बसण्याआधी

आधी एक कागद घ्या आणि खरं खरं लिहा, क्रायको (श्वासाची वाट बंद झाली की मानेतून चीर देऊन श्वासनलिकेत ट्यूब घालणं) शेवटचं कधी केलं, ट्रान्सव्हेनस पेसिंग (शिरेतून हृदयात वायर घालून ठोके चालवणं) कधी, थोराकॉटॉमी (छाती उघडणं) कधी. ज्युनियरला शिकवलं ते धरायचं नाही, शेजारी उभं राहून बघितलं तेही नाही, स्वतःच्या हातानं केलेलंच. २० वर्षं इमर्जन्सीत काढलेल्यांच्या कागदावर पण दोन-तीन ठिकाणी "कधीच नाही" येतं, त्यात लाजायचं काय, केसच येत नाही तर करणार कुठून. ज्यात कोणाला फोन करून बोलवायला वेळच नसतो त्या प्रोसिजर्स यादीत वर घ्या, बाकीच्या नंतर.

क्रायको एक नंबरला. १० नंबरचं ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी), ६ ची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब, सिरिंज, सामान एवढंच, पण ते एका पाकिटात आहे का आणि पाकीट कुठल्या ड्रॉवरला आहे हे स्वतः उठून बघा, सिस्टरना विचारू नका, रात्री ३ ला त्याही दुसऱ्या पेशंटकडे असतात. मॅनिकिन नसेल तर व्हेंटिलेटर सर्किटची जुनी खाचाखाचांची ट्यूब घ्या, वर फोम आणि चिकटपट्टी लावा, झाली मान. डोळे मिटून करायचं बरं का, कारण खऱ्या केसमध्ये चीर दिली की रक्त येतं आणि काही म्हणजे काही दिसत नाही, सगळं बोटानंच. आडवा छेद, ब्लेड बाहेर न काढता धार पायाकडे वळवायची, त्याच्या कडेनं बूजी आत, मग ट्यूब, कफ फुगवायचा. मानेत मेम्ब्रेन (स्वरयंत्राच्या पुढचा पातळ पडदा, जिथे छेद द्यायचा) हाताला लागतच नाही असं धरून पण एकदा करा, तिथे आधी मध्यरेषेत ८ ते १० सेंमीची उभी चीर.

गरोदर बाईचा अरेस्ट (हृदय बंद पडणं), गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर, इथे हातापेक्षा तोंडाचा सराव जास्त लागतो. ४ मिनिटांत हृदयाचे ठोके परत आले नाहीत तर बाळ ५ व्या मिनिटाला बाहेर, म्हणजे "मी आता पोट उघडतोय" हे त्याच्या आधीच मोठ्यानं म्हणायला लागतं आणि भलेभले तिथेच अडकतात. ओटीत हलवायचं नाही, सीपीआर थांबवायचा नाही, एकानं हातानं गर्भाशय डावीकडे ढकलून धरायचं, नवजात बाळाच्या टीमला पहिल्याच मिनिटाला हाक. हे स्टॉपवॉच लावून, खरंच ओरडून करा.

पेसिंगला वायर घालणं जमतं हो, गोची बॉक्सची, म्हणजे वायरला करंट देणाऱ्या जनरेटरची होते. आमच्याकडे एकदा वायर मस्त बसली आणि जनरेटरची बॅटरी डेड, स्पेअर कुठे कोणालाच माहीत नाही. तेव्हा बॅटरी बघा, जोडणीची केबल बघा, रेट आणि आउटपुटची बटणं स्वतः फिरवा.

कॅन्थॉटॉमीला (डोळ्यामागचं प्रेशर उतरवायला डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापणं) आर्टरी फोर्सेप आणि बारीक कात्री, आणि खालचा क्रस (खालची पापणी कोपऱ्याला धरून ठेवणारा पट्टा) कापल्याशिवाय प्रेशर उतरत नाही एवढं डोक्यात पक्कं.

चेकलिस्ट ज्युनियरच्या हातात द्या, तो वाचेल आणि चुकलं की थांबवेल, इगो थोडा दुखेल, दुखू दे. आणि सरावाला वापरलेल्या बूजीवर लाल टेप मारून वेगळ्या डब्यात टाका, नाहीतर ती हमखास खऱ्या किटमध्ये जाऊन बसते.