अनेक दिवसांची सायकल मोहीम: तिसऱ्या दिवशीही कसं टिकायचं?

चांगल्या कामासाठी निधी गोळा करायला निघालेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी हुरूपात असतो. खरी कसोटी लागते तिसऱ्या दिवशी सकाळी. मांड्या जड झालेल्या, सीटवर बूड टेकवत नाही आणि पुढे अजून शंभर किलोमीटर. इथे माघार घेणाऱ्यांचे पाय सहसा दगा देत नाहीत. पहिल्या दिवशी काचलेली शिवण किंवा चुकवलेलं खाणं तिसऱ्या दिवशी वसूल होतं. म्हणून त्रास लहान असतानाच सायकलवरून उतरून तो मिटवायचा, यालाच मी चिकाटी म्हणतो.

निघण्याआधी

एकाच दिवशी खूप अंतर मारण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस सायकल चालवण्याचा सराव करा. दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी निघणं, हाच खरा सराव. सीटची उंची तपासताना पॅडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. नवे बूट, नवी सीट, नवी शॉर्ट्स मोहिमेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

पहिल्या दिवशी हात राखून

शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढाच वेग ठेवा. ताशी 20 किलोमीटरवरून 25 वर गेलात, तर हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. समोरून वारा असेल तेव्हा वेग विसरा, हलका गिअर टाका आणि गटात आळीपाळीने पुढे राहा. चढावरही तेच: जड गिअर रेटत गुडघे झिजवण्यापेक्षा पाय भरभर फिरू द्या.

घड्याळ लावून खा

जोर लावून चालवलं तर शरीरात साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचं राखीव इंधन) साधारण दोन तासांत संपत येतं. त्यानंतर अंगातलं बळच निघून जातं आणि मनही काळवंडतं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण 27 ग्रॅम असतात. भूक लागायची वाट पाहू नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास खा. पाणी तहानेप्रमाणे घोट घोट प्या, पण घाम खूप जात असेल तर त्यात मीठ हवंच. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

बूड, तळवे, मान

या भागाबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत, आणि सगळ्यात जास्त हाल इथेच होतात. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, त्याचीच शिवण कातडी सोलते. घासणाऱ्या जागी आधीच क्रीम लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहा. मुक्कामाला पोचताच, चहापाण्याच्याही आधी, शॉर्ट्स बदला आणि अंग धुऊन कोरडं करा. एका मोहिमेत मला दुपारी मांडीच्या आत चुरचुरायला लागलं. ‘आता थोडंच उरलंय’ म्हणून मी थांबलो नाही. रात्री तिथे नाण्याएवढी जखम होती आणि पुढचे दोन दिवस मी तिरका बसून काढले. पाच मिनिटं थांबलो असतो तर ते टळलं असतं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, तर तळव्याच्या कडेची नस हँडलवर दबतेय. मनगट सरळ ठेवा, पकड सारखी बदला. मानही अधूनमधून दोन्ही बाजूंना वळवून सैल करा.

मन खचतं तेव्हा

उरलेले किलोमीटर मोजू नका, पुढचा थांबा तेवढा डोळ्यांसमोर ठेवा. माझा एक पक्का नियम आहे: सोडून द्यायचा निर्णय चढावर आणि रिकाम्या पोटी घ्यायचा नाही. आधी खा, सावलीत पंधरा मिनिटं बसा, मग ठरवा. ज्यांच्यासाठी निघालात त्यांची नावं कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा. सुकलेल्या बोटांनी ती घडी उलगडताना मला प्रत्येक वेळी भरून येतं, आणि पाय पुन्हा पॅडलवर जातात.

मात्र छातीत दुखणं, भोवळ, बोलण्यात गोंधळ, सांध्यात वाढत जाणारी तीव्र कळ किंवा सूज यातलं काहीही झालं तर लगेच थांबा आणि मदतीच्या गाडीला बोलवा. देणगीदारांनी पैसे त्या कामासाठी दिलेत, तुमचा गुडघा मोडण्यासाठी नाही.

रात्री आणि सकाळी

झोपण्याआधी टायरवर बोट फिरवून रुतलेले काचेचे कण काढा, चेन पुसून तेल द्या, बाटल्या भरून ठेवा. सकाळी पहिली वीस मिनिटं अगदी हलक्या गिअरवर चालवा. त्या वीस मिनिटांत ‘आज जमणार नाही’ असं वाटणारच, त्याकडे लक्ष देऊ नका. गुडघे गरम झाले, श्वास लयीत आला की मगच आजच्या दिवसाचा अंदाज बांधा.