कलावर्गातला प्रकल्प: आधी घड्याळ, मग चित्र

नव्या कलाशिक्षकाचा पहिला प्रकल्प फसतो तो बहुधा विषयामुळे नाही, तर घड्याळामुळे. ४० मिनिटांच्या तासातली सात-आठ मिनिटं साहित्य वाटण्यात जातात आणि शेवटची दहा आवरण्यात. मधे उरतात बावीस-तेवीस. त्यात रंग वाळायला पाऊण तास लागणार असेल, तर कल्पना कितीही देखणी असो, हाती चिखलच येतो. म्हणून काय काढायचं हे ठरवण्याआधी कशाला वाळायला किती वेळ लागतो हे कागदावर मांडा. मग तोच प्रकल्प, मुलांना मिळणार आहे त्याच साहित्यात, स्वतः एकदा पुरा करा. लागलेला वेळ ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी तिप्पट धरा, १५ च्या पुढच्यांसाठी दुप्पट.

दुसरी गोष्ट माध्यमाच्या निवडीची. अकरा-बारा वर्षांची मुलं स्वतःचं चित्र समोरच्या वस्तूशी ताडून पाहायला लागतात आणि ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य वर्गात ऐकू यायला लागतं. अशा वेळी हुबेहूब रेखाटनाचा प्रकल्प दिला की वर्गाचे दोन तुकडे पडतात. ज्यात अर्धं काम साहित्यच करतं असं माध्यम द्या. लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून, त्याला शाई लावून काढलेला ठसा) आणि सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून तो उन्हात धरायचा; झाकलेला भाग पांढरा, बाकीचा निळा) ही त्यातली खात्रीची.

लिनो म्हणजे घट्ट झालेलं जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा, मागे तागाचं कापड. तेल हवेने कडक होत राहतं, म्हणून जुना तुकडा दगडासारखा लागतो आणि कापताना तुटतो. तो हेअर ड्रायरने किंवा उन्हात थोडा कोमट केला की हत्यार सहज चालतं. पहिल्या खेपेला १०×१५ सेंटीमीटरपेक्षा मोठा तुकडा देऊ नका. कोरायलाच तीन-चार तास जातात.

रेखाटन पेन्सिलीने नाही, जाड काळ्या मार्करने करून घ्या. राखाडी छटा इथे नसतेच: कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं. मुलांना हे ऐकून पटतं, हाताला मात्र उशिरा कळतं. त्यावर उपाय म्हणजे कोरण्याआधी लिनोच्या पृष्ठभागावर गडद रंगाचा पातळ हात फिरवणे. मग प्रत्येक कोरीव रेघ उजळ दिसते आणि ठसा कसा येईल याचा अंदाज बांधता येतो. ठसा उलटा येतो, म्हणून ट्रेसिंग कागद पालथा घालूनच चित्र उतरवायचं. अक्षरं असतील तर ही तपासणी तुम्ही स्वतः करा, नाहीतर अर्ध्या वर्गाची नावं आरशातली निघतील. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवलेली रेघ नवख्या हातात टिकत नाही.

आधी व्ही आकाराच्या हत्याराने कडा, मग यू आकाराच्या हत्याराने मोकळी जागा. लिनो साधारण तीन मिलिमीटर जाड असतो आणि त्यात एक ते दीड मिलिमीटर खोली पुरते. तागाचे धागे दिसायला लागले तर हत्यार फार उभं धरलं जातंय. तसं धरलं की ते रुततं, मूल जोर लावतं आणि हत्यार सुटतं. जखम जवळजवळ नेहमी दुसऱ्या हाताला होते, कारण तो पात्याच्या वाटेत असतो. म्हणून टेबलाच्या कडेला अडकणारी बेंच हुकची फळी हवीच, आणि नियम एकच: वळण आलं की हात नाही, लिनो फिरवायचा. बोथट हत्याराने धारदार हत्यारापेक्षा जास्त जखमा होतात, कारण त्याला जोर लागतो. भोकं पाडलेल्या ठोकळ्यात हत्यारं उभी ठेवा. एक भोक रिकामं दिसलं तर कुणीही वर्गाबाहेर जायचं नाही.

शाईच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या फळीवर रोलरच्या रुंदीएवढी शाईची बारीक रेघ घ्या आणि उभी-आडवी लाटा. सुरुवातीला चपचप असा ओला आवाज येतो. थर बरोबर झाला की बारीक चरचर ऐकू येते आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर शाई जास्त झाली. पाण्याने धुता येणारी शाई फळीवर काही मिनिटांतच चिकट होऊन वाळते, म्हणून सगळ्या वर्गाने एकदम छपाई करायची नाही. एका टेबलावर चार रोलर, चार मुलं. बाकीचे कोरत राहतील.

कागद पातळ आणि गुळगुळीत घ्या, चौरस मीटरला ८० ते १२० ग्रॅम वजनाचा. खरबरीत जाड ड्रॉइंग पेपरवर पांढरे ठिपके राहतात. कागद ठेवल्यावर चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचं, एक कोपरा उचलून पाहायचं, फिकट वाटलं तर परत टेकवून घासायचं. पहिले एक-दोन ठसे फिके येतात. लिनोवर शाईचा थर बसेपर्यंत असंच चालतं, हे आधीच सांगून ठेवा. बारीक रेघा बुजल्या तर शाई जास्त, प्रतिमा दुहेरी आली तर कागद सरकला. मोकळ्या जागेत उरलेल्या कडांचे आडवेतिडवे फराटे उमटतात. ते साफ करायला लावू नका, लिनोकटची अर्धी जान त्यातच असते. पाच ठसे वाळले की खाली पेन्सिलीने डावीकडे २/५ (पाचांपैकी दुसरा) असा क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही.

मोठ्या मुलांना एकाच तुकड्यातून बहुरंगी छपाई देता येते. फिका रंग छापायचा, आणखी कोरायचं, त्याच कागदावर गडद रंग छापायचा. पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत भरपूर वापरली. यात मागे फिरता येत नाही: दुसऱ्या रंगासाठी कोरलं की पहिल्या रंगाचा आणखी ठसा मिळणं बंद. पाच हवे असतील तर पहिल्या रंगाचे दहा काढा, कारण काही वाया जाणारच. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीवर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवा. एका तासात एकच रंग.

सायनोटाइपला गती वेगळी. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला घेतलं. द्रावणं दोन: १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायची आणि वापरण्याआधी समप्रमाणात मिसळायची. ए४ कागदाला साधारण दोन मिलिलिटर पुरतं. हे काम शिक्षकाचं: हातमोजे घालून, पडदे ओढून, पिवळसर मंद दिव्यात. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणायचं नाही, विषारी वायू सुटू शकतो. मुलांच्या हाती थेट मिश्रण लावून अंधारात वाळवलेला कागद द्या, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. ठेवून दिला की तो आपोआप हिरवट-निळा पडतो.

उन्हात किती वेळ, याचं ठराविक उत्तर नाही. त्याच कागदाच्या एका पट्टीवर पुठ्ठा ठेवून तो दर दोन मिनिटांनी थोडा सरकवा. दोन, चार, सहा, आठ, दहा मिनिटांचे पट्टे मिळतील. ही पट्टी मुलांकडूनच करून घ्या. भर दुपारी पाच ते दहा मिनिटं पुरतात, ढगाळ हवेत अर्धा तासही लागतो. पिवळट-हिरवा थर निळसर होऊन पुढे राखाडी, कांस्यासारखा दिसला की उचला. घाई केली तर सगळा निळा रंग पाण्याबरोबर वाहून जातो. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, पाच ते दहा मिनिटं धुवा. खरा गडद निळा दुसऱ्या दिवशी दिसतो. पांढऱ्या भागावर नंतर निळसर झाक चढली तर धुणं कमी पडलं. कागद अल्कधर्मी असेल तर निळा रंग हळूहळू फिका पडतो, म्हणून गठ्ठा घेण्याआधी एक कागद तपासा.

मुलं एक पान मधोमध ठेवतात आणि मोकळी होतात. परिणाम वनस्पतिशास्त्राच्या वहीसारखा. त्यांना सांगा, अर्ध्या वेळेनंतर एक वस्तू काढा किंवा सरकवा. तिथे फिका निळा येतो. जाळी, फाडलेला ट्रेसिंग कागद, पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने काढलेल्या रेघा असं थरावर थर रचू द्या. वर काच दाबून ठेवा, नाहीतर उचललेल्या कडा धूसर येतात. ते मुद्दाम केलं असेल तर मात्र छानच.

कागदी लगद्याचे मुखवटे सगळ्यांना आवडतात, पण एका दिवशी तीन-चारपेक्षा जास्त थर दिले तर आतून ओल राहून बुरशी धरते. एक थर छापील कागदाचा, एक कोऱ्या कागदाचा दिला की कुठे राहिलं ते दिसतं. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात घालून साचा काढायचा मोह टाळा: घट्ट होताना ते इतकं तापतं की कातडी भाजते, आणि तोवर हात बाहेर निघत नाही. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, नळीतच दगड होतो.

गुण देताना फक्त शेवटचा ठसा पाहू नका. कच्ची रेखाटनं, पहिला फिका ठसा, चाचणीची पट्टी हे सगळं एका फोल्डरमध्ये मागा. कागदाच्या मागे नाव पेन्सिलीने आणि आधीच, पेनची शाई धुताना पसरते. शेवटच्या दहा मिनिटांत कोण काय धुणार याची यादी भिंतीवर लावा, आणि रोलर धुतल्यावर टांगून ठेवायला सांगा. रबरावर टेकून ठेवलेला रोलर एका बाजूने चपटा होतो आणि पुढच्या वर्गाच्या प्रत्येक ठशावर एक पांढरा पट्टा उमटत राहतो.